कडू बिअर आणि अठरा महिन्यांची उधारी

मंडळी, मुलीकडे कॅलिफोर्नियात गेलो होतो तेव्हाची गोष्ट. जावईबापू मला सँटा रोझाच्या रशियन रिव्हर ब्रूअरीत घेऊन गेले. मोठ्या कंपनीची नव्हे, स्वतंत्र मालकांची. ग्लासात ‘प्लायनी द एल्डर’ आली. रंग मधासारखा, वास संत्र्याच्या सालीचा. पहिला घोट घेतला अन् आईचा काडेचिराइताचा काढाच आठवला! फरक एवढाच की काढ्यानंतर गुळाचा खडा लागायचा, इथे दुसरा घोट घ्यावासा वाटला. मद्यार्क आठ टक्के, म्हणून मुलगी लगेच, “बाबा, अर्धाच हं.”

जावईबापू म्हणाले, “बाबा, ही आयपीएच, पण दुप्पट हॉप्सची. आयपीए म्हणजे इंडिया पेल एल. आपल्यासाठीच बनायची.”

आपल्यासाठी? तिथेच अडलो.

हॉप्स म्हणजे एका वेलाची फुलं. कडवटपणा त्यांचाच, आणि त्यांनी बिअर लवकर नासत नाही. लंडनजवळच्या बो इथल्या जॉर्ज हॉजसनने ही बिअर हिंदुस्थानसाठी शोधून काढली असं सांगतात, ती दंतकथा. भरपूर हॉप्सची फिकी बिअर इंग्लंडात आधीपासून होती. त्याची खरी हुशारी उधारीत. ईस्ट इंडिया कंपनीची जहाजं त्याच्या शेजारच्याच गोदीतून सुटायची आणि कप्तानांना तो अठरा महिन्यांपर्यंत उधार माल द्यायचा. केपला वळसा घालून चार-सहा महिन्यांनी पिंपं इकडे पोचत, माल विकून जहाज परतलं की वसुली. माझं आयुष्य कर्जखात्यांत गेलं, मला हे फार पटलं. पुढे त्याच्या वारसांनी भाव वाढवले, रोखीचा हट्ट धरला. मग 1822 च्या सुमारास कंपनीच्या एका डायरेक्टरने बर्टनच्या सॅम्युअल ऑलसॉपला गाठलं. बर्टनच्या पाण्यात जिप्सम, त्याने बिअर आणखी खुलली. हॉजसनांचा बाजार गेला तो गेलाच.

आता आपल्या इंदूरकडे या. 21 डिसेंबर 1817 ला महिदपूरला होळकरांचा पराभव झाला. जानेवारी 1818 मध्ये मंदसौरचा तह, आणि त्याच वर्षी इंदूरपासून विसेक किलोमीटरवर महूची छावणी. आमचं घराणं होळकरांच्या फडावर कारकुनी करणारं. म्हणजे आमचे पूर्वज पराभवानंतरचे हिशेब लिहीत होते, त्याच सुमारास ऑलसॉप महूसारख्या छावण्यांतल्या साहेबांसाठी पिंपं भरत होता. साध्या गोऱ्या शिपायालाही ती क्वचितच मिळे, त्याच्या वाट्याला काळी पोर्टर. नावात इंडिया, पण इंडियाचा माणूस हिशेबात कुठेच नाही.

हे सगळं तिथेच जावईबापूंना ऐकवलं. ते जरा ओशाळले, म्हणाले, “मग राहू दे का, बाबा?”

म्हटलं, “छे हो, ठेवा इकडे.” आणि मुलीची नजर चुकवून उरलेला अर्धाही संपवला.