१२ एप्रिल १९६० : हेगचा निकाल आणि न्या. छागला

दादरा-नगर हवेलीतील सिल्वासा २ ऑगस्ट १९५४ रोजी पोर्तुगीज सत्तेतून मुक्त झाले, पण पोर्तुगालने हार मानली नव्हती. डिसेंबर १९५५ मध्ये त्याने दमणहून दादरा-नगर हवेलीत ये-जा करण्याचा हक्क मागत हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावा लावला. १२ एप्रिल १९६० रोजी त्याच दाव्याचा निकाल लागला.

खाजगी व्यक्ती, मुलकी अधिकारी आणि सामान्य मालाची वाहतूक करण्याचा पोर्तुगालचा हक्क न्यायालयाने मान्य केला. सैन्य, सशस्त्र पोलीस आणि शस्त्रास्त्रांना मात्र वाट नाकारली, तीही ८ विरुद्ध ७ अशा निसटत्या मतांनी. भारताने कर्तव्यभंग केलेला नाही, हे ९ विरुद्ध ६ मतांनी ठरले. सिल्वासाच्या दृष्टीने खरे महत्त्व याच मुद्द्याला होते.

या खटल्यात भारताने नेमलेले तदर्थ न्यायाधीश होते महंमदअली करीम छागला. पोर्तुगालला मिळाला तेवढा हक्कही त्यांना मान्य नव्हता; त्यांनी भिन्नमतपत्रिका लिहिली.

मुंबईत बॅरिस्टर जिनांच्या हाताखाली वकिली शिकलेले छागला १९४७ ते १९५८ मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते. ज्या दालनात टिळकांना राजद्रोहाची शिक्षा झाली, तिथेच १९५६ साली त्यांनी टिळकांच्या उद्गारांचा फलक लावला. केवढे धैर्य आणि केवढी कृतज्ञता!

पुढे ते महाराष्ट्रातून राज्यसभेवर गेले. ते केंद्रीय शिक्षणमंत्री असताना १९६४ मध्ये शिक्षणविषयक कोठारी आयोग नेमला गेला. परराष्ट्रमंत्री असताना, १९६७ साली, उच्च शिक्षणाच्या भाषाधोरणावर मतभेद होताच त्यांनी राजीनामा दिला.

इकडे, हेगच्या निकालानंतर, दादरा-नगर हवेली ११ ऑगस्ट १९६१ रोजी भारतात विलीन झाली.