गांवचें आरोग्य आणि गांवची बाई

पुण्याच्या पश्चिमेस मुळशी तालुक्यांत कासारसाई हें गांव आहे. गांवाजवळ धरण आहे, आणि कासारसाई-दारुंब्रे येथें संत तुकाराम सहकारी साखर कारखाना आहे. गळिताचा हंगाम आला म्हणजे अशा कारखान्यांच्या मुलखांत ऊसतोड मजुरांच्या कोप्या उभ्या राहतात, आणि बीड, अहिल्यानगर अशा अवर्षणी जिल्ह्यांतलीं कुटुंबें त्यांत पांच-सहा महिने संसार मांडतात. हिंजवडीचीं टोलेजंग कार्यालयें येथून हाकेच्या अंतरावर. तेव्हां हा मुलूख डॉक्टरांवांचून आहे असें कोणी म्हणणार नाहीं. तथापि दवाखाना जवळ असणें आणि आरोग्य जवळ असणें ह्या दोन गोष्टी एक नव्हेत. हा धडा ज्या भागानें प्रथम गिरविला, तो ह्या मजुरांच्याच मुलखांतला आहे. म्हणून त्याची हकीकत वाचकांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

मूळ कल्पना जुनीच. स्वातंत्र्यापूर्वींच्या राष्ट्रीय नियोजन समितीनें आरोग्याकरितां एक उपसमिती नेमिली होती. तिचे अध्यक्ष मुंबईच्या हाफकिन संस्थेचे कर्नल साहेबसिंग सोखे हे होते. दर हजार वस्तीस एक शिकविलेला आरोग्यसेवक असावा, असें ह्या उपसमितीनें सुचविलें. १९४६ सालीं भोर समितीचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्यांत मात्र भर पडला तो पदवीधर डॉक्टरावर आणि प्राथमिक आरोग्यकेंद्रावर. आणि १९५२ पासून सरकारनें केंद्रें काढलीं तीं त्याच धोरणानें. केंद्रें हवींच होतीं, ह्यांत वाद नाहीं. परंतु लेंकराला हगवण लागली असतां दिवसाची मजुरी बुडवून कोस दोन कोस चालत जाणें, हें मजुरणीच्या हातचें नव्हतें.

१९७० सालीं डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे हें दांपत्य त्या वेळच्या अहमदनगर जिल्ह्यांतील जामखेड येथें आलें. दोघांचेंही वैद्यकीचें शिक्षण वेल्लोर येथें झालेलें. पुढें अमेरिकेंत त्यांनीं सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास केला होता. गुरांच्या एका जुन्या दवाखान्यांत त्यांनीं कामास आरंभ केला. लोकांस औषध हवें होतें. पण बहुतेक दुखण्यांचें मूळ गढूळ पाणी, अपुरें अन्न आणि अंधसमजुती ह्यांत आहे, हें डॉक्टरांच्या ध्यानीं आलें होतें. मग १९७२ च्या दुष्काळाच्या सुमारास विंधणविहिरी घेण्याची वेळ आली तेव्हां त्या शक्य तेथें दलित वस्तींत घ्याव्या असा त्यांनीं आग्रह धरिला. ज्यांना गांवच्या विहिरीवर पाय ठेवण्याची बंदी होती, त्यांच्याच दारीं आतां सवर्णांस घागर घेऊन जावें लागलें. ही औषधयोजना कोणत्याही ग्रंथांत सांगितलेली नव्हती!

गांवोगांव शिकलेल्या परिचारिका ठेवून पाहिल्या. त्या टिकल्या नाहींत. परक्या तरुण मुलीचें गांवच्या बायका ऐकेनात. तेव्हां गांवानेंच आपल्यांतली एक बाई निवडून द्यावी असें ठरलें. ह्या बायका बहुधा निरक्षर, पुष्कळशा दलित. कोणी नवऱ्यानें टाकलेली, कोणी विधवा. दर आठवड्यास त्या जामखेडला शिकण्यास येत आणि रात्रीं सर्वजणी एकाच मोठ्या पांघरुणाखालीं निजत. त्यामुळें जातीचा विटाळ आपोआपच सुटूं लागला. बाळंतपण स्वच्छ हातांनीं कसें करावें, हगवणींत मीठ-साखरेचें पाणी कसें द्यावें, मुलाचें वजन घटतें आहे हें कसें ओळखावें, एवढ्या गोष्टी त्यांनीं आत्मसात केल्या. गांवानें त्यांचें ऐकलें, कारण त्या गांवच्याच होत्या.

प्रकल्पाच्या नोंदींप्रमाणें आरंभीं दर हजार जन्मांमागें १७६ बालकें वर्ष भरण्याआधींच दगावत. १९७६ पर्यंत हा आंकडा ५२ वर आला. ह्याचें सारें श्रेय ह्या बायकांनाच देणें रास्त होणार नाहीं. पाणी, शेती व रस्ते ह्यांतही तेव्हां फरक पडत होता. पण औषधाच्या बाटलीनें एवढें साधलें नसतें, हें खरें. १९७८ सालीं आल्मा-आटा येथील परिषदेनें प्राथमिक आरोग्यसेवेचें तत्त्व जाहीर केलें. त्यापूर्वींच जागतिक आरोग्य संघटनेनें जामखेडची दखल घेतली होती. १९७९ सालीं आरोळे दांपत्यास मॅगसेसे पारितोषिक मिळालें.

पुढें २००५ सालीं सरकारनें ग्रामीण आरोग्य अभियानांत ‘आशा’ नेमण्याचें ठरविलें. हजार वस्तीस एक बाई. सोखे ह्यांचाच तो हिशेब! बाई घेतली, परंतु तिचा मान घेतला काय? तिला पगार नाहीं, कामागणिक मोबदला. आणि २०२३ सालीं महाराष्ट्रांतील आशांना मानधनासाठीं संप करावा लागला.

आतां पुन्हां कासारसाईकडे येऊं. ऊसतोडीस निघालेली मजुरीण आपल्या गांवची ओळखीची बाई मागें सोडून येते. आणि जेथें ती येते तेथील आशेच्या वहींत तिचें नांव असेलच असें नाहीं. गरोदरपणाचे कित्येक महिने अशा रीतीनें बिननोंदीचे जातात. आरोग्याची व्यवस्था गांवाच्या शिवेशीं बांधलेली आणि दारिद्र्य मात्र फिरतें, हें कोडें जामखेडनें सोडविलें नव्हतें. तें आपणांस सोडवावयाचें आहे. कोपींतल्याच एखाद्या बाईस शिकवून तिच्यावर ही जोखीम सोंपविली तर काय होईल? जामखेडचा इतिहास पाहतां, हा प्रयोग करून पाहण्यास भ्यावें असें कारण आम्हांस दिसत नाहीं.