आचार्य की आचारी? डीटीपीवाल्यांसाठी दोन कळा
गडचांदूरसारख्या सिमेंटच्या गावात पत्रिका, बॅनर, पावतीबुकं सगळं एकाच डीटीपीवाल्याकडे येतं. गडबड होते ती अर्ध्या ‘र’ची. ‘आचार्यांचा सत्कार’ म्हणजे गुरूंचा. ‘आचाऱ्यांचा’ म्हणजे स्वयंपाक्यांचा! बॅनर छापल्यावर कळलं तर फ्लेक्स वाया.

विंडोजच्या मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्ट धरून ‘जे’ दाबा, ‘ऱ’ येतो. मग ‘डी’ दाबून हलन्त, पुढे ‘य’. साध्या ‘र’ने रफारच बसणार.

विंडोज १० आणि ११ मध्ये आणखी एक सोय आहे. विंडोजची कळ आणि ‘व्ही’ दाबून क्लिपबोर्ड हिस्टरी सुरू करा. त्यानंतर कॉपी केलेले शेवटचे २५ तुकडे तिथे सापडतात. पत्रिकेतली नावं चिकटवताना फार कामाची. मात्र कॉम्प्युटर रीस्टार्ट केला की पिन न केलेलं सगळं जातं.