नाश्ता सोडला तर वजन खरंच उतरतं का?

वजन कमी करायचं ठरलं की घरात पहिली कात्री लागते ती सकाळच्या नाश्त्याला. नागपाडा, मदनपुऱ्यापासून परळ, लालबाग, दादरपर्यंत सगळीकडे हाच प्रकार. कुणी म्हणतं, उपाशी राहा, चरबी जळेल. कुणी बजावतं, नाश्ता सोडलास तर उलट वजन वाढेल.

थोडक्यात उत्तर असं: निरोगी प्रौढ माणसाचं वजन केवळ नाश्ता केल्यानं किंवा सोडल्यानं उतरत नाही. दिवसभरात एकूण काय आणि किती पोटात जातं, यावर ते ठरतं. पण डायबेटिसचं औषध घेणाऱ्यांसाठी नाश्ता सोडणं हा वजनाचा नाही, जिवाचा प्रश्न होऊ शकतो.

महाराष्ट्रातले दोन सल्ले

आपल्याकडे या विषयावर दोन टोकाचे सल्ले लोकप्रिय आहेत. डॉ. श्रीकांत जिचकार यांनी मांडलेला आणि डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी घरोघरी पोहोचवलेला सल्ला म्हणजे कडक भूक लागेल तेव्हा दिवसातून दोनदाच जेवा, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत संपवा आणि मध्ये काही खाऊ नका. यामागचा विचार असा की वारंवार खाल्लं की वारंवार इन्शुलिन तयार होतं. मुंबईच्या आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर यांचा सल्ला याच्या उलट. उठल्यावर लवकर काहीतरी खा आणि दर दोन तासांनी थोडं थोडं खा.

दोन्हीकडे वजन उतरलेली माणसं भेटतात. कारण दोन्हीत एक गोष्ट समान आहे. अरबट-चरबट खाणं सुटतं, घरचं जेवण वाढतं आणि शिस्त येते.

संशोधन काय सांगतं?

नाश्ता करणारे लोक सडपातळ असतात, असं जुन्या पाहण्यांत दिसत होतं. पण असे लोक बहुधा वेळेवर झोपतात, व्यायाम करतात आणि सिगारेट कमी ओढतात. मग श्रेय नाश्त्याचं की बाकी सवयींचं, हे त्यातून कळत नाही.

त्यासाठी लोकांचे गट पाडून प्रयोग झाले. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात वजन कमी करू पाहणाऱ्या ३०९ जणांपैकी काहींना नाश्ता करायला आणि काहींना सोडायला सांगितलं. १६ आठवड्यांनी दोन्ही गटांच्या वजनात म्हणण्यासारखा फरक नव्हता. २०१९ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये अशा १३ प्रयोगांचा एकत्र आढावा आला. नाश्ता करणाऱ्यांच्या पोटात दिवसाला सरासरी २६० कॅलरी जास्त गेल्या आणि न करणाऱ्यांचं वजन सुमारे अर्धा किलो कमी भरलं. मात्र हे प्रयोग बहुतेक अल्प मुदतीचे आणि फारसे भक्कम नव्हते, हेही त्याच आढाव्यात नमूद आहे.

दुसरी बाजूही आहे. ब्रिटनमधल्या बाथ विद्यापीठाच्या अभ्यासात नाश्ता करणारे सकाळी जास्त हालचाल करताना दिसले. ॲबर्डीनच्या २०२२ च्या अभ्यासात कॅलरी तेवढ्याच ठेवून सकाळी जास्त किंवा रात्री जास्त खायला दिलं. वजन सारखंच उतरलं, पण सकाळी पोटभर खाणाऱ्यांना दिवसभर भूक कमी लागली. म्हणजे नाश्ता सोडल्यावर ज्यांचा हात अकरा वाजता वडापाव किंवा समोशाकडे जातो, त्यांनी नाश्ता केलेलाच बरा.

रोजा आणि नाश्ता

रमजानमध्ये महिनाभर दिवसा खाणं बंद, तरी ईदला कपडे तेवढेच घट्ट, असा अनुभव अनेकांना येतो. रमजानवरच्या अभ्यासांत सरासरी एक-सव्वा किलो वजन उतरलेलं दिसतं आणि पुढच्या काही आठवड्यांत ते बहुतेक परत येतं. इफ्तारला भजी, शरबत, फिरनी आणि वर रात्री मोहम्मद अली रोडची फेरी झाली, तर दिवसाची बचत तासाभरात संपते.

रोजा ही इबादत आहे, डाएट नाही. सेहरी सुन्नत आहे आणि त्यात बरकत आहे. त्यामुळे वजनासाठी सेहरी टाळणं योग्य नाही. पोटाचा एक हिस्सा जेवणाला, एक पाण्याला आणि एक श्वासाला, ही हदीसमधली शिकवण मात्र बाराही महिने उपयोगी आहे.

ताटात काय असावं?

'मी नाश्ता करत नाही' म्हणणारे बरेचजण चहा-खारी, ब्रून-मस्का मोजतच नाहीत. साखरेच्या एका चमच्यात साधारण २० कॅलरी असतात. दिवसात दोन चमच्यांचे चार चहा झाले की नुसत्या साखरेच्याच १६० कॅलरी झाल्या.

नाश्ता करायचा तर उकडलेली किंवा कमी तेलातली अंडी आणि भाकरी, मोडाची उसळ, मुगाचा पोळा, दही किंवा एखादं फळ चांगलं. प्रोटीन आणि चोथा असला की पोट जास्त वेळ भरलेलं राहतं. कोकणी घरातले घावणेही चालतात, सोबत अंडं किंवा उसळ घ्यावी. नल्ली-निहारी, पाया, खिमा-पाव रोज नको, अधूनमधून खावं. आणि नाश्ता सोडायचाच असेल, तर दुपारी दुप्पट जेवायचं नाही.

यांनी स्वतःच्या मनानं नाश्ता सोडू नये

इन्शुलिन घेणारे किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइडसारख्या गोळ्या घेणारे. गोळी घेतली आणि खाल्लं नाही, तर रक्तातली साखर एकदम खाली जाऊ शकते. घाम, थरथर, धडधड, चक्कर, बोलण्यात गोंधळ ही त्याची लक्षणं. लगेच तीन चमचे साखर पाण्यात घालून द्यावी आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासावं. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काही न घालता थेट हॉस्पिटल गाठावं. रोजे ठेवायचे असतील तर रमजानच्या सहा ते आठ आठवडे आधी डॉक्टरांना भेटून औषधांच्या वेळा आणि मात्रा बदलून घ्याव्यात. परळचं केईएम, भायखळ्याचं जेजे, मुंबई सेंट्रलचं नायर या सरकारी-पालिका रुग्णालयांत हा सल्ला मिळतो.

गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या महिला, शाळकरी मुलं. मुलं गुबगुबीत असली तरी त्यांना उपाशी शाळेत पाठवू नये.

वजनकाट्याइतकीच कमरेची टेपही महत्त्वाची. भारतीयांसाठी पुरुषांची कंबर ९० आणि स्त्रियांची ८० सेंटिमीटरच्या वर गेली की धोका वाढतो. दोन-तीन महिने एकच पद्धत नेमानं पाळा, दर आठवड्याला मोजा. कंबर उतरत असेल आणि दुपारपर्यंत चिडचिड, अशक्तपणा येत नसेल, तर ती पद्धत आपल्याला मानवली असं समजावं. नाश्त्यासह असो वा नाश्त्याशिवाय.