मोटारीच्या कॉइलला कोणती कापडी टेप वापरावी? घेण्याआधी माहीत असाव्यात अशा गोष्टी

मालेगाव, भिवंडी, इचलकरंजी इथे लूमच्या खडखडाटाशेजारीच मोटार वाइंडिंगची दुकानंही वाढली. आपल्याकडची कित्येक मुलं उस्तादाच्या हाताखाली हा हुनर शिकून रोजीला लागली. मोटार जळाली की मालक दोनच गोष्टी विचारतो: तार तांब्याची आहे ना, आणि पैसे किती? टेपबद्दल कुणी विचारत नाही. रिवाइंडिंगच्या बिलात टेपचा हिस्सा अगदी किरकोळ असतो, पण चुकीची टेप पडली तर तार, वार्निश आणि मजुरी सगळं वाया जातं. लूम किंवा पंप बंद राहिल्याचं नुकसान वेगळंच.

कापडी टेप करते तरी काय?

पुष्कळांचा समज असतो की टेप म्हणजे करंट अडवणारं कापड. हे अर्धंच खरं आहे. साध्या विणलेल्या टेपमध्ये धाग्यांमधे बारीक छिद्रं असतात. वार्निश नसेल तर त्या छिद्रांत फक्त हवा, आणि पावसाळ्यात ओल. म्हणून कोरी सुती टेप एकटी भरवशाचं इन्सुलेशन नाही. तिची खरी कामं तीन आहेत:

- कॉइलच्या तारा घट्ट एकत्र धरणं. मोटार सुरू होताना तारांना जोराचा झटका बसतो. तारा हलल्या की एकमेकींवर घासून इनॅमल जातं आणि आतल्या आत शॉर्ट होतो.
- वार्निश शोषून आत पोचवणं आणि धरून ठेवणं. इन्सुलेशनचं मोठं काम हे वार्निशच करतं.
- तारेला स्लॉटच्या कडेपासून आणि हाताळताना लागणाऱ्या ओरखड्यांपासून वाचवणं.

म्हणूनच कॉइलवर प्लास्टिकची टेप चालत नाही आणि कापडी लागते. वायरिंगची साधी पीव्हीसी टेप साधारण ७० ते ८० अंशांपर्यंतच टिकते, वार्निश आत जाऊ देत नाही, आणि तापली की मऊ पडून सरकते. जोड झाकायला ती ठीक, वाइंडिंगच्या आत नको. सायकलच्या हँडलला गुंडाळतात ती काळी, डांबरट वासाची कापडी टेपही कॉइलसाठी नाही.

आधी क्लास पाहा

मोटारीच्या नेमप्लेटवर इन्सुलेशन क्लास लिहिलेला असतो. त्या अक्षराचा अर्थ असा:

- वाय: ९० अंश सेल्सिअस
- ए: १०५ अंश
- ई: १२० अंश
- बी: १३० अंश
- एफ: १५५ अंश
- एच: १८० अंश

हे तापमान वाइंडिंगच्या सगळ्यांत गरम जागेचं असतं, बाहेरच्या बॉडीचं नाही. बॉडीला हात लावून अंदाज बांधू नये.

इथे एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. सगळ्यांत कमजोर मालाचा जो क्लास, तोच पूर्ण वाइंडिंगचा क्लास. तार १८० अंशांची घेतली आणि वर साधी सुती टेप लावली, तर ते वाइंडिंग १०५ अंशांचंच झालं. तापमान दर १० अंशांनी वाढलं की इन्सुलेशनचं आयुष्य साधारण निम्मं होतं, हा ठोकताळा या धंद्यात फार जुना आहे. एफ क्लासची मोटार ए क्लासच्या टेपवर बांधली तर ती महिन्यांत परत का येते, ते यावरून कळतं.

बाजारात मिळणारे प्रकार

सुती टेप: पांढरी, बिनचिकट, स्वस्त. हाताला मऊ, वळणावर छान बसते, वार्निश भरपूर पिते. कोरी असताना वाय क्लास, वार्निश किंवा तेलात भिजल्यावर ए क्लास. ओल लवकर धरते, म्हणून गुंडाळण्याआधी आणि वार्निशच्या आधी वाळवणं जरुरीचं.

एम्पायर टेप: वार्निश आधीच पाजलेलं सुती कापड. कोऱ्या सुतीपेक्षा इन्सुलेशन चांगलं, पण क्लास ए च्याच आसपास. जुनी झाली की घडीवर तडकते.

अ‍ॅसिटेट कापडाची चिकट टेप: छोट्या ट्रान्सफॉर्मर, चोक आणि रिलेच्या कॉइलसाठी चांगली. हाताने फाटते, वळणावर सुरकुती पडत नाही, वार्निश शोषते. क्लास ए.

पॉलिएस्टर विणीची टेप: मजबूत. काही प्रकार तापवल्यावर आकसतात, त्यामुळे बेकिंगमध्ये कॉइल आपोआप आवळली जाते. साधारण बी ते एफ क्लास.

काचेच्या धाग्याची, म्हणजे फायबरग्लास टेप: उष्णतेला सगळ्यांत पक्की. काच स्वतः जळत नाही, त्यामुळे तिचा क्लास ठरतो तो गोंद आणि वार्निशवरून. मात्र ती फारशी ताणत नाही आणि धारदार घडीवर धागे तुटतात. कापताना तिचे कण अंगाला खाजवतात, म्हणून हातमोजे आणि तोंडाला मास्क हवा. शागीर्द पोरांना हे आधी सांगा.

गोंदाकडे दुर्लक्ष नको

चिकट टेप घेताना कापडाइतकाच गोंद महत्त्वाचा. साधा रबरी गोंद वार्निशच्या थिनरमध्ये विरघळतो आणि टेपचं टोक सुटतं. तापवल्यावर पक्का होणारा, म्हणजे थर्मोसेटिंग गोंद मागा. तो बेकिंगनंतर थिनरला आणि उष्णतेला दाद देत नाही. एच क्लाससाठी सिलिकॉन गोंदाची फायबरग्लास टेप लागते. ब्रश असलेल्या बंद बॉडीच्या डीसी मोटारीत मात्र सिलिकॉन टाळावा. त्याच्या वाफेने कार्बन ब्रश फार लवकर झिजतात.

दुसरी बाब गंजाची. हलक्या गोंदातल्या गंधक किंवा आम्लामुळे तांबं हिरवं-काळं पडतं. जाड तारेत ते चटकन कळत नाही, पण रिलेची केसासारखी तार त्यानेच तुटते. बारीक तारेसाठी ‘कॉइल वाइंडिंगसाठी’ असं स्पष्ट लिहिलेलीच टेप घ्या.

कुठे कोणती?

- जुनी, ए क्लासची छोटी मोटार: सुती टेप आणि चांगलं वार्निश पुरतं.
- बी आणि एफ क्लासची मोटार: पॉलिएस्टर किंवा फायबरग्लास टेप, वार्निशही त्याच क्लासचं.
- वेल्डिंग ट्रान्सफॉर्मर, भट्टीजवळची मोटार: फायबरग्लास.
- तेलात बुडणारा ट्रान्सफॉर्मर: नीट वाळवलेली बिनचिकट सुती टेप. चिकट टेपचा गोंद तेलात उतरू शकतो.
- पाण्याने भरलेली सबमर्सिबल मोटार: इथे वरचं काहीच लागू नाही. तिची तारच प्लास्टिकच्या आवरणाची असते, वार्निश नसतं. जोडावर आपोआप एकजीव होणारी रबरी टेप लागते. कापडी टेप पाणी आत ओढते.

गुंडाळायची रीत आणि हिशोब

प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्याच्या निम्म्या रुंदीवर चढवावा. याला हाफ लॅप म्हणतात. एका फेरीत दोन थर मिळतात. ताण एकसारखा ठेवा, पण टेप पातळ होईल इतकी खेचू नका. जास्त थर म्हणजे जास्त सुरक्षा असंही नाही. जाड थरात उष्णता अडकते आणि वार्निश आतपर्यंत जात नाही.

किती टेप लागेल? समजा कॉइलचा ३०० मिलिमीटर भाग झाकायचा आहे, तिचा घेर ६० मिलिमीटर आणि टेप २० मिलिमीटर रुंद आहे. हाफ लॅपमध्ये एक वेढा १० मिलिमीटर पुढे सरकतो, म्हणजे ३० वेढे. ३० गुणिले ६० म्हणजे १८०० मिलिमीटर. थोडी वाढ धरून एका कॉइलला दोन मीटर घ्या.

दुकानात परख कशी करावी?

टेपचा छोटा तुकडा मोकळ्या जागी, चिमट्यात धरून पेटवा. थिनर, वार्निश जवळ नको. सुती असेल तर कागदासारखी जळून मऊ राख होईल. पॉलिएस्टर आणि अ‍ॅसिटेट वितळून कडक गोळी होईल. काचेची असेल तर गोंद जळेल, जाळी तशीच राहील. फायबरग्लास म्हणून दिलेली टेप वितळली, तर समजून घ्या.

मोटार परत घेताना

मिस्त्रीला तीन गोष्टी विचारा: टेप आणि वार्निश कोणत्या क्लासचं? वार्निशच्या आधी वाइंडिंग तापवून ओल काढली का? नंतर बेकिंग केलं का? मग आपल्यासमोर मेगर लावायला सांगा. ४१५ व्होल्टच्या मोटारीला ५०० व्होल्टचा मेगर एक मिनिट लावतात. ५ मेगाओहमपेक्षा कमी आलं तर मोटार नेऊ नका. कोरड्या, नव्या वाइंडिंगला त्याच्या कितीतरी पट यायला हवं. मोटार बसवल्यावर अर्थिंग जोडल्याशिवाय चालू करू नये. इन्सुलेशन फुटलं तर करंट बॉडीवर येतो, आणि त्या बॉडीला पहिला हात लागतो तो कारागिराचाच.