सोमवारची छाती : खानदेशचा कापूस आणि श्वासाची मोजणी

१/
१८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले. लँकेशायरच्या गिरण्यांचा अमेरिकी कापूस अडला आणि खानदेशच्या कापसाला सोन्याचा भाव आला. नव्या लोहमार्गावरचे जळगाव कापसाची मोठी पेठ बनले. पुढे जळगावात खानदेश मिल, अमळनेरात प्रताप मिल आणि धुळ्यात न्यू प्रताप मिल उभी राहिली. या वैभवाची मोजदाद गाठींत झाली. त्यामागच्या श्वासाची मोजदाद मात्र फार उशिरा सुरू झाली.

२/
जिनिंगमध्ये सरकीपासून रुई सुटते, तेव्हाच धूळ उडू लागते. गिरणीत ब्लो रूम आणि कार्डिंग खात्यात ती सर्वाधिक असते. बोंडाचा व पानांचा चुरा आणि जिवाणूंचे विषारी अंश तिच्यासोबत फुफ्फुसात उतरतात. त्यातून होणारा दम्यासारखा आजार म्हणजे बिसिनोसिस.

३/
या आजाराची खूण विलक्षण आहे. आठवड्याच्या सुट्टीनंतर कामगार सोमवारी कामावर येतो आणि काही तासांत त्याची छाती आवळते. मंगळवारी त्रास ओसरतो. वर्षे सरतात तसा तो रोजचा होतो आणि अखेर सुट्टीतही सोडत नाही. तोवर त्याच्यात आणि बिडी ओढणाऱ्याच्या खोकल्यात फरक करणे अवघड झालेले असते.

४/
१८४६ मध्ये लंडनच्या जॉन हचिन्सन यांनी स्पायरोमीटर जगासमोर मांडला. श्वासाला आकडा मिळाला. पण एकच आकडा हा आजार पकडू शकत नव्हता.

५/
१९५० च्या दशकात रिचर्ड शिलिंग यांनी लँकेशायरमधील कामगारांच्या सोमवारच्या तक्रारींवरून आजाराच्या पायऱ्या ठरवल्या. १९५८ मध्ये मॅकेरो, शिलिंग व सहकाऱ्यांनी कामाच्या दिवसात फुफ्फुसांची क्षमता कशी घटते, हे मोजून दाखवले. पुरावा एका आकड्यात नव्हता, तो दोन आकड्यांमधील फरकात होता.

६/
मुंबईत के.ई.एम. रुग्णालयाच्या डॉ. एस. आर. कामत व सहकाऱ्यांनी हीच वाट धरली. १९७९ मध्ये त्यांनी सूतगिरणी कामगारांच्या पुनःपुन्हा घेतलेल्या चाचण्यांवरून बिसिनोसिस आणि जुनाट ब्राँकायटिस वेगळे ओळखण्याची पद्धत मांडली. त्यामुळे ‘बिडीचा खोकला’ या सोयीच्या उत्तराला प्रश्न विचारता येऊ लागला.

७/
प्रश्न केवळ वैद्यकाचा नव्हता. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात पुढे कापसाच्या धुळीच्या आजाराची भर पडली. हक्क कागदावर आला. परंतु निदानाची नोंद नसेल तर कागद मुकाच राहतो.

८/
१९५० च्या दशकात बी. एम. राइट यांनी पीक फ्लो मीटर घडवला. पुढे अशी छोटी उपकरणे कामगाराच्या हाती आली. दिवसातून किमान चार वेळा, कामाच्या आणि सुट्टीच्या दिवशीही, काही आठवडे फुंकर मारून आकडे टिपले की आलेख बोलू लागतो : कामावर घसरण, घरी सुधारणा. कामामुळे होणारा दमा आज असाच हुडकला जातो.

९/
खानदेशातील जिनिंग मात्र हंगामी आहे. हंगाम सरला की मजूर पांगतो आणि तुलना करण्याची संधीही निघून जाते. म्हणून पहिली फुंकर हंगामाच्या आधी हवी, दुसरी कामाच्या भरात. गाठीचे वजन दर वेळी काट्यावर होते. श्वासालाही तेवढाच मान हवा.