गोठ्यातली फियाट आणि रांजणगावचा कारखाना

आजचा एपिसोड एका जाम झालेल्या इंजिनाबद्दल आहे. ऐकायला वेळ नसेल तर हे खाली लिहिलेलं वाचा, बसमध्ये बसल्या बसल्या होईल वाचून.

दौंडजवळ माझ्या मामांच्या गोठ्यात एक फियाट उभी आहे. १९७२ ची, आजोबांनी घेतलेली. आजोबा १९९८ मध्ये गेले आणि गाडी तिथेच राहिली. वर कडब्याच्या पेंढ्या, आत कोंबड्या. मागच्या वर्षी भंगारवाला दारात आला तेव्हा मामा म्हणाले, "देऊन टाकू. इंजिन सीज झालंय, हलत नाही." मी म्हणालो, "मामा, थोडं थांबा. मला एक महिना द्या." कोड लिहिणारा माणूस मी, पाना धरायची सवय नाही. पण मला त्या गाडीचा इतिहास माहीत होता, आणि तो आपल्याच भागातून जातो.

सुरुवात करू वालचंद हिराचंद यांच्यापासून. १८८२ मध्ये सोलापूरला जन्म. रेल्वेत कारकुनी केलेल्या फाटकांबरोबर भागीदारी करून त्यांनी बार्शी लाइट रेल्वेच्या कामाचं कंत्राट घेतलं, तिथून गाडी सुरू झाली. पुढे १९१९ मध्ये सिंदिया ही जहाज कंपनी, १९४० मध्ये बंगळूरला विमानांचा कारखाना. दौंडच्या शेजारच्या इंदापूर तालुक्यातलं वालचंदनगर त्यांच्याच नावाचं. आणि १९४४ मध्ये त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, कुर्ल्याला. आधी अमेरिकेच्या क्रायस्लरबरोबर, म्हणजे डॉज, प्लायमाउथ वगैरे. नंतर १९५० च्या दशकात इटलीची फियाट आली. त्या पहिल्या गोलमटोल फियाटला आपल्याकडे 'डुक्कर फियाट' म्हणायचे, आठवतंय का? नसेल तर घरातल्या मोठ्यांना विचारा, लगेच हसतील.

१९६४ च्या सुमारास 'डिलाइट' आली. आमची तीच. इंजिन १०८९ सीसी, चार सिलेंडर, ताकद साधारण ४० हॉर्सपॉवर. गिअर स्टेअरिंगच्या दांड्याला. आता ४० हॉर्सपॉवर ऐकून हसू नका. तेव्हा लायसन्स राज होतं, गाडी बुक करून लोक वर्षानुवर्षं वाट बघायचे. १९७० च्या दशकात फियाटचं नाव गेलं. आधी प्रीमियर प्रेसिडेंट, मग प्रीमियर पद्मिनी. लोक मात्र शेवटपर्यंत 'फियाट'च म्हणत राहिले. मुंबईची काळी-पिवळी म्हणजे हीच. उत्पादन २००० च्या आसपास थांबलं, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मुदत संपून रस्त्यावरून उतरली.

आता गंमत बघा. फियाट स्वतः आपल्या शिरूर तालुक्यात आली, रांजणगाव एमआयडीसीत. महागणपतीच्या दर्शनाला जाताना नगर रोडवरून तुम्ही त्या एमआयडीसीच्या जवळूनच जाता. पुढे टाटांबरोबर भागीदारी झाली. तिथे १.३ लिटरचं मल्टिजेट डिझेल इंजिन बनायचं. त्याच डिझाइनचं इंजिन मारुतीच्या स्विफ्ट डिझेलमध्येही होतं. एप्रिल २०२० ला बीएस-६ आलं आणि ते इंजिन इथून गेलं. त्याआधीच फियाटच्या गाड्या बंद झाल्या होत्या. कारखाना चालू आहे, २०१७ पासून तिथे जीप कंपास बनते. म्हणजे एका तालुक्यात फियाटचा कारखाना, शेजारच्या तालुक्यात गोठ्यात फियाट, आणि आमच्या फियाटचं इंजिन गंजून बसलेलं.

मग सरळ दुसरं इंजिन का नाही टाकायचं? मामांचाही तोच प्रश्न. इथे कायदा मध्ये येतो. जुलै २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज गाड्यांसाठी नियम केले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली गाडी 'व्हिंटेज' धरतात, नंबर प्लेटवर 'व्हीए' ही अक्षरं येतात. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये. अशी गाडी रोज फिरवता येत नाही, प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती वगैरेसाठीच. पण मुख्य अट अशी की चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. म्हणजे दुसरं इंजिन बसवलं की आमची गाडी व्हिंटेज राहत नाही, नुसती जुनी होते. तेव्हा आजोबांचंच इंजिन सोडवायचं, नाहीतर भंगार.

मामांच्या ओळखीचे एक काका आले, रेल्वेतून रिटायर झालेले फिटर. मामा म्हणाले, "टॅक्टरला बांधू, गिअर टाकून ओढू, सुटेल." काका एकच वाक्य बोलले, "ओढलंत तर रॉड वाकेल, मग मला बोलवू नका."

कारण समजून घ्या. इंजिन कुठेही थांबलं तरी एखाद्या सिलेंडरचा व्हॉल्व उघडा राहतोच. तिथून दमट हवा आत शिरते. पिस्टन अॅल्युमिनियमचा, पण त्याच्या रिंगा आणि बोअर बिडाचे. बीड गंजतं आणि रिंग बोअरला चिकटून बसते. सगळं इंजिन धरून ठेवणारा गंज खरं तर कागदाएवढा पातळ असतो. जोर लावला की गंज सुटायच्या आधी रिंग तुटते.

काकांनी आधी गाडी न्यूट्रल केली, म्हणजे गिअरबॉक्स अडकलाय की इंजिन ते कळावं. चारही प्लग काढले. रॉकेल आणि पॉवर स्टेअरिंगमध्ये घालतात ते लाल तेल, अर्धं-अर्धं, प्रत्येक सिलेंडरमध्ये ओतलं. आणि चहा पिऊन घरी गेले! रोज संध्याकाळी मामा तेलाची पातळी बघायचे. तीन सिलेंडरमधलं तेल हळूहळू खाली झिरपलं. तिसऱ्यातलं तसंच राहिलं. अडकलेला तोच.

नऊ दिवसांनी पुलीच्या नटाला पाना लावला. पुढे नाही, आधी मागे. मग पुढे. केसभर हललं. पुन्हा तेल, पुन्हा वाट. बाराव्या दिवशी पूर्ण फेरा झाला. लगेच चावी मारायची नाही, असं काकांनी बजावलं. हेड खोललं, तिसऱ्या बोअरमधला गंज घासून काढला, रिंगा नव्या टाकल्या. चेंबर उतरवून सत्तावीस वर्षांचा काळा चिखल खरवडला. प्लग न लावता इंजिन फिरवून आधी तेल वरपर्यंत चढवलं.

चौथ्या प्रयत्नात सुरू झालं. धूर एवढा की म्हैस दावं तोडायला निघाली. मामी बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "अण्णा आले वाटतं." अण्णा म्हणजे आजोबा. मामा काहीच बोलले नाहीत, फक्त बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले.

ब्रेक अजून नाहीत, टायर गेलेत, नोंदणीची कागदं जमवतोय. पण भंगारवाल्याला मामांनी फोन करून 'नको' सांगितलं.

तुमच्या गावात, गोठ्यात, शेडमध्ये अशी एखादी उभी असेल तर एवढंच करा: चावी मारू नका, ओढू नका. आधी प्लग काढा आणि तेल ओता. आणि ती कुणी, कधी घेतली होती ते घरच्यांना विचारून लिहून ठेवा.

भेटू पुढच्या भागात!